डोंगराला धरून ठेवणारी मुळे
जव्हार-मोखाड्याचे पाणलोट क्षेत्र आणि आपला औषधी व्यवहार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी अभ्यासक्रमात वाचलेला आहे. वायू, उदक, देश आणि काल या चार भावांत विकृती आली असता प्रकृती, आहार, बल व वय भिन्न असलेली माणसेही एकाच वेळी रोगग्रस्त होतात, हा त्यातील मुख्य सिद्धान्त सर्वांच्या स्मरणात राहतो. त्याच अध्यायाच्या आरंभी असलेली एक सूचना मात्र सहसा निसटून जाते. काम्पिल्य नगरीजवळ गंगेच्या काठी वनात विहार करीत असता भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशाला सांगतात की, भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी काढून ठेवा. भूमीचा रस गेल्यावर औषधींचे रस, वीर्य, विपाक आणि प्रभावही टिकणार नाहीत, असे त्यामागील कारण त्यांनी दिले आहे.

भूमी विरस होणे म्हणजे काय, हे पाहण्यासाठी पालघर जिल्ह्यातील वैद्याला दूर जावे लागत नाही. पालघर-बोईसरच्या सखल पट्टीतून पूर्वेस निघून विक्रमगडमार्गे जव्हारच्या पठारावर चढले की वाटेत अनेक उतारांवर काळा खडक उघडा पडलेला दिसतो. हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. येथे वर्षाला साधारणतः अडीच हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. तरीही जव्हार आणि विशेषतः मोखाडा तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईला पाणी पुरविणारे मध्य वैतरणा धरण याच परिसरात कोचाळे येथे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या विसंगतीची तीव्रता कळते.

पश्चिमेकडील आपणा सर्वांचा या डोंगरांशी थेट संबंध आहे. पालघर शहर आणि बोईसर-तारापूरचा औद्योगिक पट्टा सूर्या नदीच्या पाण्यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. वसई-विरार व मीरा-भाईंदरसाठी दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाण्याची प्रादेशिक योजना आखली गेली, तीही सूर्येच्याच भरवशावर. डोंगरावरची माती वाहून येऊन धरणात बसली, तर तिची किंमत किनारपट्टीलाही मोजावी लागेल. आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. आपण विकत घेतो त्या कच्च्या औषधी द्रव्यांपैकी अनेक द्रव्ये अशाच उतारांवरून येतात. पाणलोट क्षेत्राचा विकास हा विषय कृषी खात्याचा आहे असे समजून बाजूला ठेवणे म्हणूनच योग्य होणार नाही. या कामात लोकांचा सहभाग कसा उपयोगी पडला आणि वैद्य व औषधी व्यावसायिक यांचा त्यात नेमका वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निदान : डोंगर का झिजला?

चिकित्सेपूर्वी निदान, हा आपला नियम येथेही लागू पडतो. सह्याद्रीचा हा भाग बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी सहजासहजी मुरत नाही. ते वरच्या मातीच्या थरात व खडकाच्या भेगांत साठते. मातीचा थर पातळ झाला की साठवणच नाहीशी होते, आणि चार महिन्यांत पडलेले पाणी काही तासांत ओढ्यातून नदीला व नदीतून समुद्राला मिळते.

हा थर पातळ होण्याची कारणे एकापेक्षा अधिक आहेत. लाकूडतोडीने वृक्षांचे आच्छादन गेले. सपाट जमिनीच्या अभावी तीव्र उताराच्या वरकस जमिनीवर नाचणी व वरीची लागवड करावी लागली. भाताच्या रोपासाठी राब भाजण्याची रीत असल्यामुळे दरवर्षी झाडांच्या फांद्या तोडल्या गेल्या. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटविला जातो, त्यातून वणवे लागतात आणि ऐन पावसाच्या तोंडावर जमीन उघडी पडते. ही कारणे सांगताना आदिवासी बांधवांना दोष देण्याचा हेतू नाही. ज्याच्याकडे अर्धा-एक एकर खडकाळ उतार आहे, त्याला पर्याय थोडेच असतात. भातकापणीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर स्थलांतर करतात. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी या दारिद्र्याकडे साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष वेधले होते. माती, पाणी, अन्न आणि आरोग्य ही साखळी किती घट्ट आहे, हे त्यावेळी स्पष्ट झाले.

कारणांच्या या यादीत आणखी एक कारण घालावे लागते. ते आपल्या बाजारपेठेशी निगडित असल्यामुळे त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

वाडीचा प्रयोग

या परिस्थितीवर जव्हार भागात जे उपाय झाले, त्यांत ‘वाडी’ हा उपाय सर्वांत परिचित आहे. डॉ. मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे १९६७ मध्ये बाएफ ही संस्था स्थापन केली. या संस्थेने दक्षिण गुजरातमधील वांसदा येथे १९८२ पासून आदिवासी कुटुंबांसाठी वाडीचा कार्यक्रम सुरू केला. पुढे तो जव्हार-मोखाड्यात आला, आणि २००० पासून जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेच्या साहाय्याने नाबार्डमार्फत नाशिक व तत्कालीन ठाणे जिल्ह्यात त्याचा विस्तार झाला. पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला, त्यापूर्वी हे तालुके ठाणे जिल्ह्यातच होते.

वाडीची कल्पना साधी आहे. कुटुंबाच्या मालकीच्या साधारण एक एकर उतारावर प्रथम समतल चर व बांध घालायचे, मग आंबा व काजूची कलमे लावायची, कडेने वनवृक्ष व कुंपणाची झुडपे लावायची आणि फळझाडे मोठी होईपर्यंत मधल्या जागेत नाचणी, भाजीपाला वा अन्य पिके घ्यायची. जव्हार-विक्रमगड भागात मोगऱ्याच्या लागवडीनेही अनेक कुटुंबांना रोजच्या रोज पैसा मिळू लागला. या रचनेत मृद्संधारण वेगळे करावे लागत नाही. स्वतःच्या कलमाला पाणी मिळावे म्हणून शेतकरी चर साफ ठेवतो, आणि स्वतःचे झाड वाचावे म्हणून वणवा विझवायला धावतो. बाहेरून आलेल्या साहाय्याला कुटुंबाच्या स्वार्थाची जोड मिळाली, हे या कार्यक्रमाच्या यशाचे मर्म आहे.

जव्हारमध्येच १९७२ पासून प्रगती प्रतिष्ठान ही संस्था शिक्षण, आरोग्य, शेती व पाणी या क्षेत्रांत काम करीत आली आहे. पावसाळा संपताना, ओढे वाहते असतानाच सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून घातलेले वनराई बंधारे या भागात गावकऱ्यांच्या व विद्यार्थ्यांच्या श्रमदानातून होत असतात. डॉ. मोहन धारिया यांच्या वनराई संस्थेमुळे हे नाव रूढ झाले. असा बंधारा एका दिवसात होतो, त्याला खर्च नाममात्र येतो आणि रब्बीच्या भाजीपाल्याला व गुरांना त्याचे पाणी काही आठवडे ते काही महिने पुरते. पुढच्या पुरात तो वाहून जातो, म्हणून दरवर्षी नव्याने बांधावा लागतो. ही त्याची मर्यादा खरी. परंतु दरवर्षी गाव एकत्र येण्याचे निमित्तही त्यामुळेच टिकते.

चतुष्पाद आणि लोकसहभाग

महाराष्ट्रातील इतर अनुभवही याच दिशेने बोट दाखवितात. राळेगणसिद्धी येथे १९७५ पासून अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने झालेल्या कामात पाणलोटाच्या बांधांइतकेच चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान यांना महत्त्व होते. हिवरे बाजार येथे पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात, १९९४ मध्ये आदर्श गाव योजनेत गावाची निवड झाल्यावर, हीच शिस्त पुढे गेली. तेथे सरासरी पाऊस सुमारे चारशे मिलिमीटर, म्हणजे जव्हारच्या सहाव्या भागाइतका. तरी गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यानुसार पिके ठरविते. फादर हर्मन बाकर यांच्या प्रेरणेने १९८९ मध्ये आरंभ झालेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात निधी मिळण्यापूर्वी गावाने श्रमदान करून आपली तयारी सिद्ध करावी, अशी अट होती. २०१६ पासून पाणी फाउंडेशनच्या स्पर्धांनी शहरातील हजारो स्वयंसेवकांना कुदळ-फावडे घेऊन गावात नेले.

आयुर्वेदाने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. पाणलोटाच्या कामात तज्ज्ञ संस्था ही भिषक्, निधी व साहित्य हे द्रव्य, स्वयंसेवक हा उपस्थाता. ज्याच्या अंगी व्याधी आहे व ज्याला पथ्य पाळायचे आहे, ते गाव. स्वयंसेवक एक दिवस येतो, संस्था पाच-सात वर्षे राहते, गाव कायमचे असते. म्हणून चराई कोठे बंद ठेवायची, कोणत्या उतारावर कुऱ्हाड चालवायची नाही, हे पथ्य गावानेच ठरविले तर ते पाळले जाते. बाहेरून लादलेले पथ्य पहिल्याच उन्हाळ्यात मोडते.

श्रमदानालाही मर्यादा आहेत. चर खोदण्याचा हंगाम जानेवारी ते मे हा असतो, आणि नेमके याच काळात पाडे रिकामे होतात. पोट हातावर असलेल्या माणसाकडून महिनोन्‌महिने फुकट श्रमाची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे दुष्काळात गावातच काम व मजुरी मिळावी हाच विचार होता. मजुरीचे काम आणि श्रमदान यांची योग्य सांगड घातली तरच स्थलांतर थांबते व डोंगरही दुरुस्त होतो.

माथ्यापासून पायथ्याकडे

उपचाराचा क्रम माथ्यापासून पायथ्याकडे असावा, हे पाणलोट शास्त्राचे प्रथम सूत्र होय. माथ्यावर पाण्याचा वेग कमी असतो, तेथेच त्याला अडविणे सोपे. वर समतल चर, मधल्या घळींत अनघड दगडी बांध, खाली गॅबियन वा मातीचे बंधारे आणि सर्वांत शेवटी ओढ्यातील साठवण, असा तो क्रम आहे. खालचा बंधारा आधी बांधला तर दोन-तीन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो.

येथे एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. साठ सेंटिमीटर रुंद व तीस सेंटिमीटर खोल चराच्या प्रत्येक मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावते. एका हेक्टरवर असे २५० मीटर चर खोदले, तर एका भरणीत ४५ हजार लिटर पाणी अडते. परंतु ५० मिलिमीटरची एक जोरदार सर त्या हेक्टरवर पाच लाख लिटर पाणी टाकते. जव्हारच्या आषाढ-श्रावणात अशा सरींचे अप्रूप नाही. म्हणजे चर एका सरीच्या अकराव्या भागाइतकेही पाणी एका वेळी धरीत नाहीत. पुन्हा पुन्हा भरून ते बरेच पाणी मुरवितात हे खरे, तरी उरलेले काम गवताला, झुडपांना व वृक्षांना करावे लागते. पानांनी थेंबाचा मारा झेलायचा, पाचोळ्याने पाणी शोषायचे आणि मुळांनी माती धरून ठेवायची. कुदळीने आरंभ होतो, पण डोंगर राखतात ती मुळे.

अतिपावसाच्या प्रदेशात आणखी एक पथ्य आवश्यक आहे. कमी पावसाच्या दख्खनी पठारावरील आराखडा कोकणच्या तीव्र उतारावर जसाच्या तसा उतरविणे धोक्याचे ठरू शकते. चर सलग न ठेवता आलटून-पालटून खोदणे, जादा पाण्याला सुरक्षित वाट ठेवणे आणि अस्थिर उतारावर खोदकाम टाळणे, ही काळजी जाणकाराच्या सल्ल्यानेच घ्यावी. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. त्या आठवणीने तरी उत्साही स्वयंसेवकांनी डोंगराला हात लावण्यापूर्वी विचारणा करावी.

आपल्या खरेदीचा प्रश्न

आता मघाशी बाजूला ठेवलेल्या कारणाकडे वळू. डोंगराला मुळांची गरज आहे, आणि आपल्या औषधालयांनाही मुळांचीच गरज आहे. दशमुळात बेल, टेटू, पाडळ, शिवण व अरणी या बृहत्पंचमुळांची मुळे शास्त्राने सांगितली आहेत. वृक्षाचे मूळ काढले की वृक्ष संपतो. शतावरी, पांढरी मुसळी, काळी मुसळी यांच्यासाठी उतार उकरला जातो. पांढऱ्या मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम असे आहे. फादर सांतापाव व फर्नांडिस यांनी तिला दिलेल्या या नावात आपल्या शेजारच्या बोरिवलीचा उल्लेख आहे. ही वनस्पती पावसाच्या पहिल्या सरींबरोबर वरच्या मातीतून वर येते. तो थर गेला की तिला घर उरत नाही. तिच्यासाठी केलेले प्रत्येक उकरणे पुढच्या पावसात त्याच थराला वाट करून देते. आपण स्वस्तात घेतलेल्या कंदाची उरलेली किंमत डोंगर अशा रीतीने भरत असतो.

वाळ्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. उशीर म्हणून आपण वापरतो त्या वाळ्याची मुळे जमिनीत खोल व उभी जातात. त्यामुळे समतल रेषेवर दाट लावलेली वाळ्याची ओळ जिवंत बांधाचे काम करते. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी भारतातील कामातून या उपायाचा मोठा पुरस्कार केला. परंतु बांधावरचा वाळा औषधासाठी उपटला, तर बांधच उपटला जातो. एकाच वनस्पतीचे हे दोन उपयोग एकाच जागी साधता येत नाहीत.

यावरून खरेदीचे एक साधे सूत्र निघते : मूळ व कंद सपाट शेतातून घ्यावेत, फूल, फळ, पान व पुन्हा फुटणारे खोड डोंगरावरून घ्यावे. वापरायचे अंग बदलणे हा शास्त्राचा आणि औषधी कायद्याचा प्रश्न आहे, तेथे मनमानी चालणार नाही. द्रव्य कोठून घ्यायचे हे मात्र पूर्णतः खरेदीदाराच्या हाती आहे. पांढरी मुसळी, शतावरी व वाळा यांची शेतात लागवड होते, ती मागणी शेतकऱ्यांकडे वळविता येईल. उतारावरून घेण्याजोगी द्रव्येही थोडी नाहीत. धायटी उघड्या डोंगरावर तग धरते. तिची फुले काळजीपूर्वक वेचली तर झुडूप शाबूत राहते, आणि आसवारिष्टांसाठी तिची मागणी कायम असते. बेहडा, करंज व पळस यांची फळे, बिया वा फुले घेता येतात. अडुळसा व निर्गुडी गुरे सहसा खात नाहीत, म्हणून वाडीच्या कुंपणाला त्या योग्य आहेत, आणि पाने विकून घरधन्याला चार पैसेही मिळतात. अर्जुनसादडा ओढ्याचा काठ सांभाळतो. त्याची साल खोडाभोवती कडे करून काढल्यास झाड वाळते, म्हणून ती एका बाजूने व मर्यादेतच काढावी लागते.

गुळवेलीचे उदाहरण तर शेजारचेच आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर येथे कातकरी तरुणांच्या गटाने वनधन योजनेच्या आधाराने गुळवेल गोळा करून मोठ्या औषधी कंपन्यांना पुरविण्याचे काम उभे केले. वेलीचा खालचा भाग राखून कांड कापले तर ती पुन्हा फुटते. माती न उकरता उत्पन्न देणारे हे द्रव्य आहे.

व्यवहाराची चौकट

अशा खरेदीला कायद्याचा आधारही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनात राहणाऱ्या समाजाला गौण वनोपजावर मालकी व सामूहिक वनाचे रक्षण-संवर्धन करण्याचा हक्क दिला. पालघर जिल्ह्यातील डोंगरी तालुके अनुसूचित क्षेत्रात असल्यामुळे ग्रामसभेच्या निर्णयांना तेथे विशेष वजन आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक समित्या व लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली. स्थानिक वैद्यांना या कायद्यात सवलत आहे आणि २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष चिकित्सकांनाही ती स्पष्टपणे मिळाली. परंतु कायद्याची सवलत म्हणजे कर्तव्याची सवलत नव्हे. मधल्या दलालाकडून मोघम माल घेण्याऐवजी ग्रामसभा वा बचत गट यांच्याशी लेखी व्यवहार केला, तर माल कोणत्या उतारावरून, कोणत्या महिन्यात, कशा पद्धतीने काढला याची नोंद मिळते. भेसळीला आळा बसतो आणि औषधीचा काल व देश यांचा शास्त्रोक्त विचारही करता येतो. सुश्रुतसंहितेच्या भूमिप्रविभागीय अध्यायात औषधींसाठी न खचणारी, स्निग्ध व जिच्यापासून पाणी फार दूर नाही अशी भूमी प्रशस्त मानली आहे. उत्तम पाणलोटाचे वर्णन याहून वेगळे काय असते?

पालघर-बोईसर परिसरातील व्यावसायिकांनी सामूहिकपणे करण्याजोग्या काही गोष्टी येथे सुचवाव्याशा वाटतात. एका दिवसाच्या वृक्षारोपणाऐवजी एक पाडा किमान पाच वर्षांसाठी स्वीकारावा, कारण रोप लावणे सोपे आणि त्याचे पहिले दोन-तीन उन्हाळे पार पाडणे अवघड असते. आपल्या औषधालयात येणाऱ्या द्रव्यांपैकी मूळ व कंद किती आणि ते कोठून येतात, याची यादी प्रत्येकाने करावी. ग्रामसभेला हंगामापूर्वीच मागणी व दर लेखी कळवावेत. पाला पेटवून वेचलेला माल घेणार नाही, हे विक्रेत्याला स्पष्ट सांगावे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार सामाजिक दायित्वाचा निधी खर्च करणाऱ्या तारापूर औद्योगिक क्षेत्रातील कंपन्यांना सूर्येच्या उगमाकडील कामाचे महत्त्व पटवून द्यावे. ज्या नदीचे पाणी त्या वापरतात, तिच्या माथ्याची काळजी घेणे त्यांच्याही हिताचे आहे.

भूमी विरस होण्यापूर्वी औषधी काढून ठेवण्याचा आत्रेयांचा उपदेश येऊ घातलेल्या संकटासाठी होता. आज साठा करून ठेवण्याने आपला प्रश्न सुटणार नाही, कारण पुढच्या पिढीच्या वैद्यालाही औषध याच डोंगरातून मिळवायचे आहे. भूमी विरस होऊ नये म्हणून गावकरी चर खोदीत आहेत, बंधारे घालीत आहेत, वाड्या राखीत आहेत. आपल्या मागणीपत्रकावरील एखादी ओळ बदलून त्यांच्या श्रमांना हातभार लावणे आपल्याला निश्चित शक्य आहे. येत्या हंगामाच्या खरेदीपासूनच त्याचा आरंभ व्हावा.